सात नंबरची वाट

मेडशी किती लांब आहे असं आमच्या ड्रिल मास्तरांना विचारलं, तर ते कोसात किंवा मैलात उत्तर देत नसत. क्षणभर डोळे मिटून म्हणत, "तीन दम." एकदा पळायला लागल्यापासून धाप लागून थांबेपर्यंतचं अंतर म्हणजे एक दम, आणि धाप अर्थातच त्यांची स्वतःची. दुसऱ्या कुणाच्या छातीला ते माप लागू पडत नसे. मी एकदा त्यांच्या भरवशावर मेडशीला पायी निघालो आणि पंधरा-सोळा दम मोजून झाल्यावर एका मोहाच्या झाडाखाली बसकण मारली. परत आल्यावर तक्रार केली, तर म्हणाले, दम खोटा नाही, तुमीच कच्चे हा.

तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता. आमचं गाव वाशीम तहसिलीत आणि अकोला जिल्ह्यात होतं, आणि वऱ्हाड अजून जुन्या मध्यप्रदेशातच होतं. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण पुढे सांगतो त्या प्रकरणातल्या लोकांची नातवंडं अजून तिथे राहतात आणि मला त्यांच्याकडे जेवायला जावं लागतं. गावात जनपदाची, म्हणजे तेव्हाच्या तालुका बोर्डाची, मिडल शाळा होती. तिथे मी नवा इंग्रजीचा मास्तर, वय बावीस, आणि ते ड्रिल मास्तर, वय चाळीसच्या पुढे. गावात त्यांना 'पळते मास्तर' म्हणत. त्यांच्या आयुष्यात मिरवण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती माझ्यामुळे गेली. चांगल्या कामासाठी गेली हे खरं, पण गेली. म्हणून हे लिहितो आहे.

दिसायला ते कापूस वेचून सुकलेल्या पऱ्हाटीसारखे लांब आणि काटक. खाकी अर्धी चड्डी, वर गांधी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. ते बूट दर रविवारी शाळेच्या खडूने पांढरे करत आणि सोमवारी पहिल्या वावरातच ते काळे होत. पण पुढच्या रविवारी पुन्हा खडू. हेडमास्तरांनी खडूबद्दल हटकलं, तेव्हा त्यांनी फळ्यावर लिहिणं सोडून दिलं. म्हणाले, माह्या वाटनीचा खडू मी पायानं लिवतो. चालणं म्हणून त्यांना ठाऊक नव्हतं. पाणी भरायला जाताना पळत, पोस्टात जाताना पळत, कुणाच्या तेराव्याला जातानासुद्धा पळत. वाशीमला जाणारी मोटार फाट्यावर थांबली की हे तिच्याबरोबर निघत, आणि ती चढावर कण्हत असताना खिडकीशी येऊन आतल्या ओळखीच्या माणसाला रामराम घालत. मोटारीत बसून माणूस पोचते, पण जात नाही, असं त्यांचं मत होतं.

लग्न त्यांचं झालं नव्हतं, आणि त्याचंही कारण हेच. मुलगी पाहायला इंझोरीकडे जायचं ठरलं होतं. बाकीची मंडळी बैलगाडीत, आणि हे पळत. साहजिकच ते मंडळींच्या कितीतरी आधी घामाने निथळत, धापा टाकत मुलीच्या दारात उभे राहिले. मुलीच्या बापाला वाटलं, याच्यामागे कुणीतरी लागलं आहे. त्याने याला आत घेतलं, पाणी दिलं, दाराला कडी लावली आणि स्वतः कुऱ्हाड घेऊन ओट्यावर बसला. गाडी आली तेव्हा पाठलाग करणारे हेच असं समजून त्याने वरपक्षालाच वाट्टेल ते सुनावलं. मास्तर ही हकीकत स्वतःच हसत हसत सांगत, आणि शेवटी हमखास म्हणत की त्या बापासारखा सासरा मिळायला नशीब लागते.

आता ज्या पुस्तकापायी हे सगळं घडलं, त्याच्याकडे येतो.

कुणी एक गोरा अधिकारी विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला होता. मास्तरांनी त्यात लोखंडी डंबेल्सची जोडी घेतली. डंबेल्सच्या पेटीच्या तळाशी हे पुस्तक निघालं. तळहाताएवढं, हिरव्या कापडी बांधणीचं, कोपरे उंदरांनी चाखलेलं. इंग्लंडच्या कुठल्याशा मुलखात गावाबाहेर पळायला जायच्या वाटा त्यात दिल्या होत्या. प्रत्येक वाटेला नंबर, दोन पानं मजकूर आणि एक छोटा नकाशा. मुखपृष्ठावर पळणाऱ्या माणसाचं चित्र होतं. मास्तरांना इंग्रजी आकडे सोडून काही वाचता येत नव्हतं, पण ते चित्र त्यांना वाचता आलं. जगात आपल्यासारखा आणखी एक माणूस आहे, आणि त्याने त्यावर पुस्तक लिहिलं आहे, हे कळल्यावर त्यांना काय झालं असेल त्याची कल्पना करा. गावात तर लोक त्यांना वेडाच्या हद्दीवरचा माणूस समजत होते.

मी रुजू झालो त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर ते पुस्तक घेऊन व्हरांड्यात माझ्यासमोर बसले. म्हणाले, वाचा. मी थकलेलो, चहाची तल्लफ आलेली. पहिल्या ओळीत चर्च आलं. चर्च म्हणजे काय ते सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडे तं नाही." पुढे गुरांना ओलांडता येत नाही पण माणसाला येतं अशा लाकडी पायऱ्यांचं कुंपण आलं. ते समजावता समजावता मला घाम फुटला, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला. त्या पुस्तकात आपल्यासाठी काही नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं. मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर दयेपेक्षा कंटाळा जास्त आला. मी म्हणालो, चर्च म्हणजे देऊळच समजा. आणि ते कुंपण म्हणजे आपला धुरा, दोन वावरांमधला बांध.

मास्तर ताठ बसले. म्हणाले, पुढं वाचा.

मग मी पुढे तसंच वाचत गेलो. पवनचक्की आली की विहीर म्हणायचं, मेंढ्यांचं कुरण आलं की वावर, ओकचं झाड आलं की मोह. दारूचा गुत्ता आला तिथे मेडशीच्या फाट्यावरचं चहाचं हॉटेल करून टाकलं. रोज एक वाट, असं पुस्तक संपवलं. एवढं सोपं भाषांतर मी पुन्हा आयुष्यात केलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि म्हणाले, "हे तं आपल्याच शिवारातलं लिवलं हाये."

तिथेच मी बोलायला हवं होतं, पण मी चहा पीत राहिलो.

नंतरचे काही महिने ते नकाशे घेऊन रानोमाळ फिरत होते. पुस्तक उभं धरायचं, आडवं धरायचं, उलटं करायचं, आणि नकाशातली रेघ जमिनीवरच्या कुठल्यातरी पायवाटेशी जुळली की तिथून पळायला लागायचं. माणसाने मनावर घेतलं की काय जुळत नाही? कुंडल्यासुद्धा जुळतात. अशा त्यांनी बारा वाटा जुळवल्या आणि त्यांना नंबर दिले. गावातली पोरंही म्हणू लागली, बाबा दोन नंबरच्या वाटेनं गेले, म्हैस पाच नंबरवर चरून राह्यली. हेडमास्तरांकडे कुणी पाहुणे आले की मास्तर त्यांना पुस्तक दाखवत आणि सांगत की या साऱ्या वाटा विलायती हायेत, मी पुस्तकातून काढल्या. लोक मान डोलवत. वेडा वेडाच, पण त्याच्या वेडाला इंग्रजी आधार आहे म्हटल्यावर गावाने त्यांना मास्तर म्हणून मानाने वागवायला सुरुवात केली. पोळ्याच्या दिवशी चावडीवर त्यांना बसायला खुर्ची मिळाली. माणसाला काय लागतं हो? एखादी खुर्चीच लागते.

त्या पुस्तकापायी एकदा मोठा गोंधळ झाला, तो सांगायलाच हवा. मागच्या पानांत एक खेळ दिला होता. एकाने ससा व्हायचं, कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचं; बाकीच्यांनी शिकारी कुत्रे होऊन कपट्यांच्या मागावर पळायचं. आता आमच्या पोरांना कागदाला पाय लागला तरी ती उचलून कपाळाला लावत. कागद पायदळी टाकायचा म्हटलं असतं तर गावात बोंब झाली असती. मी आपला म्हणालो, लाह्या टाकायच्या असं लिहिलं आहे.

मास्तर ससा झाले. ज्वारीच्या लाह्यांची पिशवी गळ्यात अडकवून ते टेकाडावरून नदीपल्याडच्या वाडीत शिरले आणि वाडीतून खाली नदीवर गेले. कुत्रे झालेली पोरं मागून येणार होती, पण ती लाह्या खात खात येत असल्यामुळे फार मागे पडली. इकडे वाडीतल्या बायांनी दार उघडून पाहिलं तर गल्लीतून थेट नदीपर्यंत लाह्यांची रेघ. आमच्याकडे तिरडीपुढे लाह्या उधळतात, आणि मसणवटाही नदीवरच. झालं. एकीने दुसरीला विचारलं, कोन गेलं वं बाई? दुसरीने तिसरीला. प्रत्येक घराने आपापली म्हातारी माणसं मोजून घेतली. सगळी जागेवर होती, पण लाह्या तर खऱ्या होत्या. कुणीतरी गेलं आहे आणि आपल्याला निरोप आला नाही, ही मोठी नामुष्की. माणसं नांगर टाकून, डोक्याला उपरणं गुंडाळून, माना खाली घालून नदीकडे निघाली. दोन-तीन बाया अंदाजानेच हळू आवाजात रडू लागल्या.

नदीवर मास्तर पाण्यात पाय सोडून बसले होते. वाडीतले सगळ्यांत वडील म्हातारबाबा पुढे झाले. त्यांनी मास्तरांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी तं जिते हा."

मास्तरांनी खेळ समजावून सांगितला. कुणाला काही कळलं नाही. पण मसणात आलोच आहोत तर आंघोळ केल्याशिवाय घरी कसं जायचं, म्हणून सगळ्यांनी नदीत डुबक्या मारल्या, आणि मास्तरांनाही मारायला लावली. त्या दिवसापासून वाडीचा आणि मास्तरांचा जीव जडला. तुमच्या मातीले आमी एकदा येऊन गेलो, असं म्हातारबाबा त्यांना भेटतील तेव्हा म्हणत.

वाडीला जाणारी वाट म्हणजे सात नंबरची वाट. शाळेमागच्या मारुतीपासून निघून ती बापूसाहेबांच्या वावरातून जाई, बाभळीपाशी आणि पुढे विहिरीपाशी अशी दोनदा डावीकडे वळे, धुरा ओलांडून नदीतल्या दगडांवरून पलीकडे वाडीत पोचे. वाडीची सात-आठ पोरं याच वाटेने शाळेत येत. त्यात गंगू नावाची एक मुलगी होती. पाचवीपर्यंत पोचलेली वाडीची ती पहिलीच मुलगी. हिशेबात इतकी तरबेज, की गणिताचे मास्तर तिच्याकडून उत्तर ताडून घेत. तिची आई बापूसाहेबांच्याच वावरात निंदायला, तण काढायला, जाई आणि लेकीला शाळेच्या बाजूला लावून पुढे कामाला लागे.

बापूसाहेब हे गावातले मोठे शेतकरी. माणूस भला, पण मी आल्याच्या चौथ्या वर्षी त्यांना संत्र्याचं वेड लागलं. वेडाबद्दल आम्ही काय बोलणार? त्यांनी विहीर खोल केली, वावर नांगरलं आणि त्याबरोबर वाटही नांगरून टाकली. चारी बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. आता वाडीच्या पोरांना गाडीरस्त्याने वळसा घालून, नाल्यातून यावं लागणार होतं. मुलगे आठवडाभर आले आणि मग गुरांमागे लागले. गंगू तर दुसऱ्या दिवसापासूनच आली नाही. मी तिच्या आईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की आता काम बापूसाहेबांच्या दुसऱ्या टोकाच्या वावरात आहे, मग एवढ्या लांबून, नाल्यातून, एकटी पोरगी कशी धाडू? खालच्या मानेने म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि आपल्याला वाईट वाटतं याचंही तिला वाईट वाटत होतं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक वाक्य होतं, आणि ते मी मास्तरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं होतं: वावरातली वाट लोक चालत राहिले तर राहते, चालणं थांबलं की जाते. मास्तरांनी ते वाक्य मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खी शाळा रांगेत घेऊन ते बापूसाहेबांच्या कुंपणाशी गेले, स्वतःच्या हाताने काटे बाजूला केले, पोरांना पळवत नदीपर्यंत नेलं, वाडीच्या पोरांना घेऊन परत आले. गंगू त्यांच्यामागोमाग. संध्याकाळी बापूसाहेबांच्या सालगड्याने काटे पुन्हा लावले. सकाळी मास्तरांनी काढले. असं महिनाभर चाललं. भांडण नाही, तंटा नाही. सालगडी आणि मास्तर कुंपणाशी बसून बिडीही ओढत. पुढे पुढे तर तो काटे उलटे लावून ठेवू लागला, बुंधे बाहेर, म्हणजे मास्तरांच्या हाताला बोचू नयेत.

बापूसाहेब हसून सोडून देतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी वाशीमला अर्ज दिला.

एका सकाळी नायब तहसीलदार चौकशीला आले. चावडीपुढच्या कडुलिंबाखाली टेबल मांडलं. प्रश्न एकच होता: त्या वावरात जुनी वहिवाट होती की नाही? होती, तर वाट खुली राहणार. नव्हती, तर कुंपण राहणार आणि गंगू घरी बसणार. पटवाऱ्याच्या नकाशात ती वाट नव्हती. पायवाटा त्यात सहसा नसतच. वाडीची माणसं म्हणाली, आम्ही जन्मापासून तिथून चालतो. पण चालण्याची पावती कुणाजवळ असते? म्हातारबाबांनी सांगितलं की त्यांच्या बापाची मयतही याच वाटेने नेली होती. साहेब म्हणाले, कधी? म्हातारबाबा म्हणाले, तो मेला तवा.

मग बापूसाहेब उठले. ते खोटं बोलत नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्यांचं ते वावर आधी दुसऱ्याच्या वहितीत होतं, त्यांना खरंच माहीत नव्हतं. ते म्हणाले, "वाट नवी हाये साहेब. या मास्तरानं पळून पळून पाडली. इंग्रजी पुस्तकातून काढली, असं तो सोताच साऱ्या गावाले सांगते."

साहेबांनी मास्तरांना विचारलं, हे खरं का? आणि मास्तर आनंदाने पुढे झाले. त्यांना वाटलं, आता आपल्या पुस्तकाचा मान होणार. विलायती पुस्तकात वाट छापली आहे म्हटल्यावर कोण ती बंद करेल? त्यांनी ते हिरवं पुस्तक खिशातून काढून टेबलावर ठेवलं, सातवी वाट उघडून दिली आणि छाती पुढे काढून म्हणाले की हो, सात नंबर, शब्दाला शब्द पुस्तकातली.

बापूसाहेबांचं काम मास्तरांनीच करून टाकलं होतं. मागे बायांमध्ये गंगूची आई उभी होती. तिला ते कळलं. मास्तरांना कळलं नव्हतं.

साहेबांनी पुस्तक घेतलं आणि वाचू लागले. त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग गेली. त्यांनी पान उलटलं, परत मागे आले, आणि विचारलं, "यांना हे पुस्तक कोणी वाचून दाखवलं?"

मी हात वर केला.

"मग आत्ताही तुम्हीच वाचा. मोठ्यानं. जे छापलंय तेच."

शेवटचे दोन शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. पुस्तक हातात घेऊन मी मास्तरांकडे पाहिलं. ते मला धीर देण्यासाठी मान हलवत होते, पोराला पाठांतर म्हणायला लावताना हलवावी तशी. नेहमीसारखं वाचलं असतं तर देऊळ, वावर, विहीर, धुरा, सगळं जागच्या जागी आलं असतं, मास्तरांची खुर्ची राहिली असती आणि वाट गेली असती. मी छापलेलं होतं तेच मराठी करून वाचलं.

चर्चच्या बुरुजाकडे पाठ करून निघा. मेंढ्यांच्या कुरणातून जा, पवनचक्की डाव्या हाताला ठेवा. लाकडी पायऱ्यांनी कुंपण ओलांडा. पुढे कमानीचा दगडी पूल लागेल. पूल ओलांडून टेकडी चढा. माथ्यावर पोचलात की थांबा. समोर समुद्र दिसेल.

तो समुद्र मी त्यांना तळं म्हणून सांगितला होता. वाडीमागच्या टेकाडावरून एक तळं दिसायचं, म्हणून.

लोकांत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले, बापूसाहेबसुद्धा. साहेब हसले नाहीत. मास्तर टेबलाशी आले आणि माझ्या हातातल्या पानाकडे बघत हळूच म्हणाले, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. चर्च, पवनचक्की, पूल, समुद्र. दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्यांचं टक्कल पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

साहेबांनी विचारलं, "मास्तर, यातलं इथं काय आहे?"

"काईच नाही साहेब."

"मग तुम्ही पहिल्यांदा तिथं गेलात, तेव्हा काय पाहिलं? पुस्तक सोडा. डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले, दम मोजताना मिटत तसे. मग म्हणाले, "वाट होती साहेब. बाभळीपाशी वळे, हिरीपाशी वळे. हातभर रुंद, गवत नाही, मधात खोल गेलेली. ते पाहूनच मी म्हनलं, पाह्य, पुस्तक बराबर हाये." त्यांनी डोळे उघडले. "वाट पह्यलेच होती. मी नाही पाडली. मी काईच नाही काढलं." आणि मग इतक्या हळू आवाजात, की पुढच्या चार जणांनाच ऐकू गेलं असेल, म्हणाले, "मंग मी कोनाच्या वाटेनं पळून राह्यलो होतो?"

मागून गंगूची आई म्हणाली, "आमच्या."

तिला चौकशीत बोलायचं नव्हतं, तिचं नाव साक्षीदारांत नव्हतं, आणि ज्यांच्या वावरात ती कामाला जाई ते बापूसाहेब तिच्यापुढेच बसले होते. पण ती बोलली. साहेबांनी कारकुनाला मास्तरांचं बोलणं लिहून घ्यायला सांगितलं आणि त्यावर त्यांची सही घेतली. हातभर रुंद आणि मधे खोल गेलेली वाट एका माणसाच्या पळण्याने पडत नाही, असं साहेब बापूसाहेबांना म्हणाले. बापूसाहेबांनी थोडा विचार केला, मग तेच म्हणाले, खरं हाये, इतकी तं बैलानंही नाही पडत. वाट खुली ठेवायचा हुकूम झाला. पुढे बापूसाहेबांनी वाटेच्या दोन्ही अंगांना संत्री लावली आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून खालच्या फांद्यांवर एक फळ टिकेना. गंगू सातवी पास झाली आणि मास्तरीण झाली. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी लोक पांगले, खुर्च्या आत गेल्या. मास्तर वाडीला पोरांना वाट खुली झाल्याचा निरोप द्यायला निघाले, आणि मी त्यांच्या मागे. ते चालत होते. चार वर्षांत मी त्यांना चालताना पाहिलं नव्हतं. चालणं त्यांना नीट येतही नव्हतं, पाय अडखळत होते. मारुती मागे पडला, कुंपण आलं. सालगडी काटे ओढून काढत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि बाजूला होऊन वाट दिली.

मी म्हणालो, मास्तर, चुकलं माझं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, आणि मग सांगायची हिंमत झाली नाही.

बाभळीचं वळण गेलं, विहिरीचं गेलं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने खाल्ल्या असत्या. धुऱ्यावर पोचल्यावर ते बसले, बूट काढला आणि त्यातली माती झटकली. नदीपलीकडे वाडीत कुणाची तरी चूल पेटली होती.

"समुद्र कसा असते?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, मोठा असतो. निळा. पलीकडचा काठ दिसत नाही.

"तुमी पाह्यला?"

"नाही."

"कधीच नाही?"

"अमरावतीच्या पुढे मी गेलेलोच नाही, मास्तर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असेल म्हणून मी दुपारपासून ती टाळत होतो, पण त्यांना माझीच कणव आली होती. "मंग तुमी तरी काय सांगसान बापा," ते म्हणाले. त्यांनी बूट घातला, नाडी बांधली, टोपी डोक्यावर ठेवली आणि नदीच्या दिशेने पळायला लागले. पोरांना निरोप द्यायचा होता.

मी धोतर सावरत, जमेल तितक्या भराभर त्यांच्यामागे चालत निघालो. डोळ्यांत पाणी आल्यामुळे पुढचं नीट दिसत नव्हतं, पण ती वाट चुकण्यासारखी नव्हती.